बटाट्याच्या लागवडीपूर्वी लाकडी व्हिनेगरने साधनांचे निर्जंतुकीकरण

सोयाबीन निघून माळव्यातील काळ्या जमिनी मोकळ्या झाल्या, की इंदूर, महू आणि देपालपूर भागात बटाटा लागवडीची घाई सुरू होते. नेमके याच वेळी मागील हंगामातील कुजीचे जीवाणू क्रेट आणि बेणे कापण्याच्या सुऱ्यांवरून नव्या बेण्यात शिरतात. साधनांच्या सफाईसाठी लाकडी व्हिनेगर हा वनस्पतिजन्य आणि मातीला फारसा जड न जाणारा पर्याय आहे, मात्र तो नीट तयार केलेला असला पाहिजे.

कोळसा करताना निघणारा धूर थंड केल्यावर जो तपकिरी द्रव मिळतो, तोच लाकडी व्हिनेगर. त्यात बहुतांशी पाणी असते. जीवाणूंना मारक ठरतात ती त्यातील ॲसेटिक आम्ल आणि फिनॉल वर्गातील द्रव्ये. कपाशीच्या पऱ्हाट्या, तुरकाठ्या किंवा वाळलेली बाभूळ वापरावी. रंगवलेले लाकूड आणि प्लायवूड मुळीच जाळू नये. ताजा द्रव किमान तीन महिने सावलीत, प्लॅस्टिकच्या कॅनमध्ये न हलवता ठेवला, की वर हलके तेल तरंगते आणि तळाशी डांबर बसते. फक्त मधला स्वच्छ थर काढून घ्यावा. म्हणूनच यंदाच्या लागवडीसाठी उन्हाळ्यात साठवलेलाच द्रव वापरावा, आता धरलेला पुढील कामासाठी राखून ठेवावा.

क्रेट आणि सुऱ्या आधी पाण्याने घासून धुवाव्यात, कारण माती चिकटलेली असेल तर कोणतेही जंतुनाशक निष्प्रभ ठरते. त्यानंतर एक भाग द्रवात दहा भाग पाणी मिसळून पृष्ठभाग पंधरा मिनिटे ओला ठेवावा. दोन सुऱ्या ठेवाव्यात, म्हणजे एक वापरात असताना दुसरी भिजत राहते. काम संपल्यावर त्या धुऊन, पुसून तेल लावावे, अन्यथा आम्लाने लोखंड गंजते.

बांगडी रोगाची (जीवाणूंमुळे कंद आतून कुजण्याचा रोग) शंका असलेले बेणे या द्रवात बुडवून निरोगी होत नाही, कारण जीवाणू कंदाच्या आत असतात. असे बेणे बाजूला काढणे हाच उपाय आहे. शक्य असेल तेथे लहान कंद अखंडच लावावेत.

हातमोजे घालूनच काम करावे. ब्लीचिंग पावडर आणि हा द्रव कधीही एकत्र करू नये, कारण त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो. साधनांसाठी केलेले दाट मिश्रण उभ्या पिकावर फवारल्यास पाने करपतात.