संग्रहालयातून शाळेचा थेट तास: या कामात नव्याने येणाऱ्यांसाठी

संग्रहालयात बसून, तिथली वस्तू दाखवत दूरच्या शाळेतल्या वर्गाला नेटवरून थेट शिकवायचं, असं हे काम. त्यात नवीन आलेला माणूस बहुधा आधी विचारतो, कॅमेरा कोणता घ्यावा? खरं तर आधी शाळेला विचारायला हवं. मुलं किती, पडदा केवढा, आवाज कशातून येणार, मुलांचं बोलणं आपल्यापर्यंत कशातून पोचणार, आणि त्या वेळी वीज असते का. थेट तास फसतो तो बहुतेक वेळा पलीकडच्या खोलीत.

म्हणून आठवडाभर आधी १५ मिनिटांची चाचणी घ्या, पण त्याच वर्गात, त्याच लॅपटॉपवर, त्याच वेळेला आणि पंखे चालू ठेवून. मुख्याध्यापकांच्या खोलीत बसून केलेली चाचणी काही सांगत नाही. तिथे राउटर जवळ असतो आणि पन्नास मुलांची कुजबुज नसते. बाईंना किंवा सरांना सांगा की शेवटच्या बाकावर बसून पडद्यावरचं वाचून दाखवा. वाचता आलं नाही, तर स्लाइडवरचा मजकूर निम्मा करा. शाळेच्या लॅपटॉपचा माईक पंखा आणि मागची ओळ सारख्याच इमानाने पकडतो. त्यामुळे उत्तर देणाऱ्या मुलाने लॅपटॉपजवळ येऊन बोलायचं हा नियम तेव्हाच ठरवून टाका.

दुसरी नेहमीची चूक म्हणजे दालनांचा फेरफटका. हलत्या कॅमेऱ्यातून बारा कपाटं पाहून मुलांच्या लक्षात काही राहत नाही, शिवाय हलतं चित्र कमी नेटवर आधी फुटतं. ४० मिनिटांच्या तासाला एक वस्तू पुरते, फार तर दोन. कोल्हापूरच्या टाउन हॉल संग्रहालयात ब्रह्मपुरीच्या उत्खननात सापडलेली पोसायडनची छोटी कांस्यमूर्ती आहे. ग्रीक-रोमन समुद्रदेव पंचगंगेच्या काठी कसा पोचला, या एका प्रश्नावर सातवाहनकाळाचा, बंदरांचा आणि घाटवाटांचा अख्खा तास उभा राहतो. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयातले अडकित्ते घेतले तर विज्ञानाचा तास होतो: टेकू टोकाला, सुपारीचा भार मध्ये, बल दुसऱ्या टोकाला, म्हणजे दुसऱ्या प्रकारची तरफ. मात्र संग्रहातली वस्तू चालवून दाखवायची नाही. सुपारी कातरायला जुन्या बाजारातून आणलेला साधा अडकित्ता वेगळा ठेवावा.

पडद्यावर आकार कळत नाही, हे सतत ध्यानात ठेवा. मूठभर मूर्ती प्रोजेक्टरवर माणसाएवढी दिसते आणि मुलं तीच उंची धरून बसतात. वस्तूशेजारी पट्टी किंवा काडेपेटी ठेवा. त्याहून बरं म्हणजे वस्तूची खऱ्या मापाची बाह्यरेषा ए-फोर कागदावर आधीच शाळेला पाठवा. छापताना ‘पानाला बसवा’ हा पर्याय बंद ठेवायला सांगा, नाहीतर माप बदलतं. तो कागद आणि पडद्यावरचं चित्र मुलं ताडून पाहू लागली की प्रश्न आपोआप येतात.

आता कॅमेरा. टेबलावर खाली तोंड करून बसवलेला एक आणि बोलणाऱ्याच्या चेहऱ्यावर एक, एवढे दोन साधे वेबकॅम पुरेत. वरच्या कॅमेऱ्याचा ऑटोफोकस बंद करून फोकस एकदाच लावून टाका, कारण हात मध्ये आला की तो हातावर जातो आणि वस्तू धूसर होते. एलईडी दिव्याखाली चित्रात पट्टे सरकताना दिसले, तर कॅमेऱ्याचं अँटी-फ्लिकर (लुकलुक घालवणारं) सेटिंग ५० हर्ट्झवर ठेवा. शटरचा वेग हाताने लावता येत असेल तर १/५० किंवा १/१०० सेकंद. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची आहे आणि बरेच कॅमेरे ६० वर लावलेले येतात.

काचेच्या कपाटातली वस्तू दाखवताना तिरपं उभं राहा, मागे काळं कापड धरा आणि स्वतः गडद कपडे घाला. पांढरा शर्ट काचेत आधी दिसतो. लघुचित्रं, हस्तलिखितं, कापड यांच्यावर साधारण ५० लक्सच्या (लक्स हे प्रकाश मोजायचं एकक) वर प्रकाश नसावा असा संकेत आहे. इतक्या अंधारात वेबकॅमचं चित्र दाणेदार येतं. तेव्हा दिवा वाढवायचा मोह टाळा. संग्रहाच्या अभिरक्षकांकडून (क्युरेटरकडून) चांगली छायाचित्रं घ्या आणि कॅमेऱ्यात वस्तूचं फक्त लांबून दर्शन घडवा.

आवाजाला मात्र चित्रापेक्षा जास्त जपा. चित्र दोन क्षण गोठलं तर मुलं थांबतात, आवाज तुटला की वर्ग हातातून जातो. उंच छताच्या दालनात शब्द घुमतात, म्हणून कॉलर माईक हवाच. अडकित्त्याचा ‘कट्’ ऐकवायचा असेल, तर ॲपमधलं आवाज गाळण्याचं सेटिंग तेवढ्यापुरतं बंद करा. ते अशा आवाजाला गोंगाट समजून गिळून टाकतं.

नेटचा हिशेब सोपा आहे. तुमच्याकडे अपलोड महत्त्वाचा, शाळेकडे डाउनलोड. ७२०पी, म्हणजे साधारण स्पष्ट, चित्राला अडीच एमबीपीएसच्या (नेटच्या वेगाचं माप) आसपास लागतात. सलग पाच मिळत असतील तर निर्धास्त राहा. जुन्या दगडी इमारतीत वायफायवर भिस्त नको. इथरनेटची तार १०० मीटरपर्यंत नेता येते, ती टाकून घ्या. राउटर यूपीएसवर ठेवा आणि दुसऱ्या कंपनीच्या सिमचा हॉटस्पॉट हाताशी असू द्या. झूमच्या फुकट खात्यावर बैठक ४० मिनिटांना बंद पडते आणि ती मिनिटं जोडणी सुरू झाल्यापासून मोजली जातात, मुलं जागेवर बसल्यापासून नाही.

बोलण्याची लय वेगळी लागते. आवाज पोचायला सेकंदभर जातो, बाई प्रश्न पुन्हा सांगतात, मग हात वर होतात. विचारून मनात पाचपर्यंत मोजा. नवखे लोक दोनवर स्वतःच उत्तर देऊन टाकतात. चित्र बघत विचार करायला लावणारी एक पद्धत फिलिप येनावाइन आणि ॲबिगेल हाउझेन यांनी बसवली, तिच्यातले तीन प्रश्न इथे फार कामाला येतात: यात काय चाललंय? असं कशावरून म्हणतेस? अजून काय दिसतंय? त्यातला मधला प्रश्न कधीही गाळू नका. नावं हजेरी क्रमांकाने पुकारायची की चिठ्ठ्यांनी, हे बाईंवर सोडा. वर्ग त्यांचा आहे. त्यांना मागे बसवून ठेवलं तर पंधराव्या मिनिटाला तुमच्या हाती फक्त गोंधळ उरेल.

रेकॉर्डिंग शक्यतो नकोच. २०२३च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालचा प्रत्येकजण बालक आहे आणि त्याच्या माहितीसाठी पालकांची पडताळणीयोग्य संमती अपेक्षित आहे. संस्थेला अहवालासाठी फोटो हवा असेल, तर तुमचं टेबल आणि वस्तू यांचा काढा.

शिक्षणाचं विचाराल तर बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात १९५२पासून संग्रहालयशास्त्राचा विभाग आहे, आणि वस्तू हाताळण्याची शिस्त अशा अभ्यासक्रमातून चांगली येते. पण याच कामासाठी माणूस निवडायचा असेल, तर पदवीपेक्षा दोन वर्षं सहावी-सातवीला शिकवल्याचा अनुभव जड भरतो. अर्ज करताना लांबलचक बायोडेटापेक्षा एका वस्तूवरच्या तासाचा मिनिटवार आराखडा जोडा, आणि नेट तुटलं तर त्या दहा मिनिटांत बाई वर्गात काय करतील तेही त्यात लिहा.