हवामान बदल आणि प्राण्यांचं अनुकूलन: इंग्रजी शब्द शिकताना या चुका टाळा

'टुडे द क्लायमेट इज सो नाइस!' पहिला पाऊस पडला की हे वाक्य कानावर येतंच. चूक बोलणाऱ्याची कमी आणि आपल्या 'हवामान' या शब्दाची जास्त आहे. हवामान खातं उद्याचा पाऊस सांगतं, तेही हवामान. आणि हवामान बदल म्हणजे कित्येक दशकांची गोष्ट, तेही हवामानच. इंग्रजीत ही दोन वेगळी घरं आहेत. आज, उद्या, या आठवड्यात जे आकाशात चाललंय ते वेदर. एखाद्या प्रदेशाची वर्षानुवर्षांची सरासरी म्हणजे क्लायमेट. जागतिक हवामान संघटना त्यासाठी साधारण ३० वर्षांचा काळ धरते. शंका आली तर वाक्यात 'आज' बसतं का ते पाहा. बसलं, तर वेदर. शिवाय 'अ नाइस वेदर' म्हणत नाहीत, नुसतं 'नाइस वेदर'. 'अ ड्राय क्लायमेट' मात्र चालतं.

आता या विषयातला सगळ्यात घसरडा शब्द: अडॅप्टेशन. पाठ्यपुस्तकात अर्थ दिलेला असतो 'अनुकूलन', विद्यार्थी तो पाठ करतात आणि मग लिहितात, 'द रॅबिट चेंजेस इट्स कलर बिकॉज इट वॉन्ट्स टु हाइड.' या एका वाक्यात दोन चुका आहेत. पहिली म्हणजे सशाने काही ठरवलेलं नसतं. उत्तर अमेरिकेतला स्नोशू हेअर हिवाळ्यात पांढरा होतो, पण तो बर्फ बघून नव्हे, तर दिवस लहान झाला की. ही ठेवण पिढ्यान्पिढ्यांच्या निवडीतून आली आहे, म्हणून लिहायचं 'द हेअर इज अडॅप्टेड टु स्नोई विंटर्स'. बर्फ उशिरा पडू लागला आणि लवकर वितळू लागला, तरी दिवसाची लांबी होती तशीच आहे. त्यामुळे तपकिरी जमिनीवर पांढरा ससा उठून दिसतो आणि लिंक्ससारख्या शिकाऱ्याचं काम सोपं होतं. यालाच इंग्रजीत 'कॅमफ्लाज मिसमॅच' म्हणतात. या एका सशाभोवती शब्दांचा आख्खा घोळका शिकता येतो: आसपासच्या रंगात मिसळणं म्हणजे 'ब्लेंड इन', उठून दिसणं म्हणजे 'स्टँड आउट', जुने केस गळून नवे येणं म्हणजे 'मोल्ट', शिकारी तो 'प्रेडेटर' आणि भक्ष्य ते 'प्रे'. सुटे पन्नास शब्द पाठ करण्यापेक्षा हे कितीतरी टिकतं.

दुसरी चूक 'रॅबिट'. आपल्याकडे दोघेही ससेच, पण माळरानावर दिसणारा आपला रानससा हा हेअर आहे आणि पिंजऱ्यात पाळतात तो रॅबिट. कासवाचंही तेच: जमिनीवरचं टॉर्टस, समुद्रातलं टर्टल.

अडॅप्टेशनला आणखी दोन फाटे आहेत. एव्हरेस्टवर जाणारा गिर्यारोहक बेस कॅम्पला थांबून शरीराला विरळ हवेची सवय लावतो. ते एका माणसाचं, काही आठवड्यांचं काम, त्याला 'अक्लायमटायझेशन' म्हणायचं. तिबेटी लोकांच्या शरीरात विरळ हवेत तगायला मदत करणारा 'इपास१' या जनुकाचा खास प्रकार पिढ्यांमागून पिढ्या निवडला गेला. ते झालं अडॅप्टेशन. आणि धोरणांबद्दलच्या निबंधात हाच शब्द तिसरं रूप घेतो. कोळशाऐवजी सौरऊर्जा वापरून प्रदूषण मुळातच कमी करणं म्हणजे 'मिटिगेशन'. होणारच आहे त्याला तोंड द्यायला दुष्काळात टिकणारं बियाणं लावणं म्हणजे 'अडॅप्टेशन'. आयईएल्ट्स या इंग्रजीच्या परीक्षेतल्या निबंधात या दोघांची अदलाबदल झाली, तर व्याकरण निर्दोष असूनही मुद्दा कोसळतो.

जोडीला येणारं अव्ययही शब्दासोबतच शिका. 'अडॅप्ट टु', 'अडॅप्ट विथ' नाही. आणि 'अडॉप्ट' म्हणजे दत्तक घेणं किंवा स्वीकारणं. 'पोलर बेअर्स अडॉप्ट टु द कोल्ड' हे वाक्य परीक्षकाला हसवण्यापलीकडे काही करत नाही.

क्रियापदांत मात्र मराठीच आपल्या मदतीला येते, फक्त ती मदत घ्यायचं आपल्याला सुचत नाही. पातळी 'वाढते' आणि कोणी तरी ती 'वाढवतं', हा फरक आपण कधीच चुकवत नाही. वाढणं म्हणजे राइज, वाढवणं म्हणजे रेज. मग 'द सी लेव्हल हॅज रेज्ड' का लिहावं? 'हॅज रिझन' लिहा. तसंच 'ने' आणि 'वर' यांचं. १९०१ ते २०१८ या काळात जगातली समुद्रपातळी सुमारे २० सेंटिमीटरने वाढली: 'रोझ बाय अबाउट ट्वेंटी सेंटिमीटर्स'. इथे 'बाय'च्या जागी 'टु' घातलं, तर पातळी २० सेंटिमीटरवर जाऊन थांबली असा अर्थ होतो.

उलट काही ठिकाणी मराठी दगा देते. आपल्याकडे पक्षी अंडी घालतात किंवा देतात, म्हणून 'गिव्ह एग्ज' लिहिलं जातं. इंग्रजीत 'ले एग्ज', भूतकाळ 'लेड'. हे पक्कं करायला रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासच्या किनाऱ्यासारखी जागा नाही: 'ऑलिव्ह रिडली टर्टल्स ले देअर एग्ज इन द सँड.' पुढची गोष्ट तर आपल्या विषयाच्या गाभ्यातली आहे. पिल्लू नर होणार की मादी, हे या कासवांमध्ये वाळूच्या तापमानावर ठरतं आणि वाळू जितकी उबदार, तितक्या माद्या जास्त. ऑस्ट्रेलियात ग्रेट बॅरिअर रीफच्या उत्तर भागातल्या किनाऱ्यांवर जन्मलेल्या, अजून वयात न आलेल्या हिरव्या कासवांत सुमारे ९९ टक्के माद्या असल्याचं २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळलं. घरटं 'नेस्ट', एका वेळची अंडी 'क्लच', अंड्यातून बाहेर पडणं 'हॅच', नुकतं बाहेर आलेलं पिल्लू 'हॅचलिंग'.

'हायबरनेट', म्हणजे हिवाळाभर निपचित पडून राहणं, हा शब्द सगळ्या अस्वलांना लावू नका. ध्रुवीय अस्वलांत गाभण मादी बर्फातल्या गुहेत, म्हणजे 'डेन'मध्ये, हिवाळा काढते. नर मात्र हिवाळाभर हिंडत असतो. उन्हाळ्यात जमिनीखाली निपचित पडून राहणाऱ्या बेडकांसाठी शब्द वेगळा आहे, 'एस्टिव्हेशन'.

नामशेष होण्याबद्दल लिहिताना 'इज एक्स्टिंक्टिंग' हे रूप हमखास दिसतं. असं क्रियापदच नाही. 'बिकम एक्स्टिंक्ट' किंवा 'गो एक्स्टिंक्ट' म्हणा, आणि तेही प्रजातीतला शेवटचा जीव गेल्यावरच. धोक्यातल्या प्रजातींची यादी ठेवणाऱ्या आययूसीएन या जागतिक संस्थेच्या यादीत ध्रुवीय अस्वल 'व्हल्नरेबल' (असुरक्षित) आहे, आपला माळढोक 'क्रिटिकली एन्डेंजर्ड' (अतिसंकटग्रस्त). ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेकडच्या टॉरेस सामुद्रधुनीतल्या ब्रॅम्बल के या बेटावरचा मेलोमिस नावाचा उंदीर मात्र ऑस्ट्रेलिया सरकारने २०१९ मध्ये 'एक्स्टिंक्ट' जाहीर केला. भरतीचं पाणी त्याच्या सखल बेटावर पुन्हा पुन्हा चढत राहिलं होतं. प्रजातीसाठी एकवचन आणि अनेकवचन दोन्ही 'स्पीशीज'च. 'स्पीशी' असं काही नसतं.

ओझोनचं छिद्र आणि तापमानवाढ एकाच वाक्यात कारण-परिणाम म्हणून जोडू नका, ती दोन वेगळी प्रकरणं आहेत. 'ग्रीनहाउस इफेक्ट इज बॅड' हेही नको. तो मुळात नसता, तर पृथ्वीचं सरासरी तापमान उणे १८ अंश सेल्सिअसच्या आसपास असतं. वाईट आहे ते त्याचं वाढत जाणं.

उच्चारांत दुष्काळ 'ड्राउट' आहे, 'ड्रॉट' नाही. वाळवंटाच्या 'डेझर्ट'मध्ये जोर पहिल्या अक्षरावर, जेवणानंतरच्या गोडाच्या 'डिझर्ट'मध्ये दुसऱ्या. स्पेलिंगमध्ये गोडाला एक 'एस' जास्त लागतो.