एमपीसीबीची व्हिजिट: दरवर्षी त्याच चुका, या तरी टाळा

कन्सेंट, म्हणजे कारखाना चालवायची मंडळाची परवानगी, हातात पडला की पहिलं पान लॅमिनेट होऊन गेटजवळ लागतं आणि अटींची पानं फाईलमध्ये जातात, ती थेट पुढच्या रिन्युअललाच बाहेर येतात. मग एक दिवस महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचा (एमपीसीबीचा) फील्ड ऑफिसर दारात उभा राहतो आणि मला फोन येतो, "सर लगेच या, साहेब आलेत." अहो मी येऊन काय करू? ते बघणार गेल्या सहा महिन्यांचं, ते काय मी दहा मिनिटांत उभं करणार?

बहुतेकांना वाटतं व्हिजिट म्हणजे ईटीपीच्या (सांडपाणी शुद्ध करणाऱ्या प्लांटच्या) आउटलेटचं पाणी बाटलीत भरून नेणं, संपलं. म्हणून सगळा जोर त्या एका बाटलीवर. मुरलेला ऑफिसर आधी टेबलावर बसतो आणि आकडे जुळवतो. कन्सेंटमध्ये पाणी किती, सांडपाणी किती, प्रॉडक्शन किती, आणि समोर एमआयडीसीचं पाणीबिल, विजेचं बिल, केमिकलची बिलं, गाळाचे मॅनिफेस्ट (गाळ बाहेर पाठवल्याचे कागद). एका कागदावर थाप मारली की दुसरा कागद बोंबलतो.

लॉगबुक बसून भरणं

ही माझ्या सगळ्यात डोक्यात जाणारी चूक. महिनाअखेरीला ऑपरेटरला खुर्चीत बसवायचं आणि तीस दिवसांची वही एका दमात भरून घ्यायची. एकच निळं पेन, एकच अक्षर, पीएच ७.२, ७.३, ७.२, ७.३, पानाला कुठे पाण्याचा थेंब नाही की चुन्याचा डाग नाही. ईटीपीवर ठेवलेली वही इतकी कोरीकरकरीत राहत नाही हो, हे कुणालाही कळतं.

एका कपडा प्रोसेसिंगच्या युनिटमधला किस्सा सांगतो, नाव-गाव नको. वहीत १० एचपीचा ब्लोअर (टँकच्या पाण्यात हवा सोडणारं मशीन) रोज चोवीस तास चालू. ऑफिसरने शांतपणे कॅल्क्युलेटर काढला, साडेसात किलोवॅट गुणिले चोवीस म्हणजे दिवसाला १८० युनिट, महिन्याला ५,४००. ईटीपीच्या वेगळ्या मीटरवर महिन्याला कसेबसे ६००. मालक म्हणाले मीटर फॉल्टी आहे. बरं. मग ऑफिसरने दोन पानं मागे उलटली, महावितरणचं दिवसभराचं शटडाउन होतं तो दिवस काढला, आख्ख्या एमआयडीसीत लाईट नव्हती पण वहीत ब्लोअर चोवीस तास धावतोय! जनरेटरवर चालवला, म्हणे. जनरेटरची वही मागितली तर त्यात त्या दिवशी शून्य तास.

मग सगळी वरात ईटीपीकडे. एअरेशन टँक काळाकुट्ट, वर सडक्या अंड्यांचा वास. चांगला चालणारा टँक तपकिरी असतो, त्याला ओल्या मातीसारखा वास येतो. ब्लोअर घरघरत होता खरा, पण मोटरवर हात ठेवला तर गार, म्हणजे गेटवर गाडी दिसल्यावरच बटण दाबलेलं. आणि वर्षभरात गाळाचं एकही मॅनिफेस्ट नाही. फिटकरी-चुना टाकून वर्षभर ईटीपी चालला आणि गाळच निघाला नाही, चमत्कारच म्हणायचा. आधी कारणे दाखवा नोटीस, मग मंडळाकडे हमी म्हणून दिलेली बँक गॅरंटी जप्त, शेवटी जल कायद्याच्या कलम ३३ अ खाली वीज-पाणी तोडायचा आदेश.

वर पर्यावरण भरपाई वेगळीच. तिचं गणित सीपीसीबीच्या (केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या) सूत्रावर चालतं, जास्त प्रदूषण करणाऱ्या रेड कॅटेगरीला ८० गुण, गुणिले २५० रुपये, गुणिले लघुउद्योगाचे ०.५, गुणिले गावच्या लोकसंख्येचा फॅक्टर, तो दहा लाखांच्या आत १. झाले दिवसाला १०,००० रुपये. आता याला उल्लंघनाच्या दिवसांनी गुणा, साठ दिवस असतील तर सहा लाख. ब्लोअर बंद ठेवून वीज किती वाचवली होती ते ज्याचं त्याने काढावं.

माझी सवय सांगतो. वही ईटीपीवरच, दोरीने बांधलेली, पेनसुद्धा बांधलेलं. शिफ्टवर जो असेल त्यानेच लिहायचं, आल्या आल्या आधी तीन आकडे: इनलेट मीटर, आउटलेट मीटर, विजेचं मीटर. बाकीचं नंतर. ब्लोअर बंद पडला तर "बंद, बेल्ट तुटला" असं लिहायचं आणि बेल्टचं बिल त्याच पानाला स्टेपल. नवीन पोरं मला मेसेज करतात, "सर लॉगबुकचा भरलेला फॉरमॅट पाठवा ना." भरलेला! रिकामा मागितला असता तर दिला असता.

सॅम्पलच्या वेळी गायब होणं

जीप दिसली की वॉचमन सांगतो, साहेब बाहेरगावी गेलेत. याने सॅम्पल थांबत नाही. कोर्टात पुरावा म्हणून चालेल असा नमुना घ्यायची रीत जल कायद्याच्या कलम २१ मध्ये दिलीय. तुम्हाला नोटीस द्यायची, तुमच्यासमोर नमुन्याचे दोन भाग करायचे, सील करून दोघांनी सह्या करायच्या, आणि तुम्ही मागणी केली तर दुसरा भाग वेगळ्या प्रयोगशाळेकडे जातो. तुम्ही मुद्दाम गायब झालात तरी नमुना जातोच, फक्त दोन भाग करा म्हणायला तिथे तुमचं कुणी नसतं. एरवीच्या जेव्हीएसलाही (मंडळाच्या नेहमीच्या संयुक्त सॅम्पलिंगलाही) उभं राहायचं. त्याच पॉइंटचं, त्याच वेळचं पाणी आपण पण घ्यायचं, ऑइल-ग्रीससाठी काचेची बाटली, बीओडीची (पाण्यातली घाण कुजताना किती ऑक्सिजन खाते त्या टेस्टची) बाटली बर्फात, आणि त्याच दिवशी मान्यताप्राप्त लॅबला. बीओडीची टेस्ट २७ डिग्रीला तीन दिवस चालते, त्यामुळे "सर संध्याकाळपर्यंत रिपोर्ट मिळेल का" हे विचारू नका. आणि कुणी संध्याकाळीच बीओडीचा रिपोर्ट देत असेल तर त्या लॅबला पैसेच देऊ नका.

बाकीच्या पटापट:

आउटलेटला साधं पाणी सोडून बीओडी खाली आणणं. बीओडी येईल हो ३० च्या आत, पण आउटलेटचा फ्लो कन्सेंटच्या वर गेला त्याचं काय?

ऑनलाइन मॉनिटरिंगचा प्रोब (आउटलेटचे आकडे सतत सर्व्हरवर पाठवणारा सेन्सर) स्वच्छ पाण्याच्या बादलीत बुडवून ठेवणं. सर्व्हरवर दिवसचे दिवस सरळ रेघ दिसते आणि तीच रेघ बघून माणूस येतो.

घातक कचरा ९० दिवसांच्या वर साठवणं. "गाडी भरली की पाठवू" हे कारण चालत नाही. गाडी भरत नसेल तर अर्धी पाठवा.

फॉर्म ४ ची (घातक कचऱ्याचं वार्षिक विवरण) तारीख ३० जून, फॉर्म ५ ची (पर्यावरण विवरणपत्र) ३० सप्टेंबर. दोन्ही मागच्या वर्षीचे कॉपी-पेस्ट करणारे खूप आहेत, आणि त्या नादात आपल्याच सहीने कन्सेंटपेक्षा जास्त प्रॉडक्शन जाहीर करणारेही आहेत.

नवीन प्रॉडक्ट आधी चालू करून कन्सेंट नंतर "अमेंड करून घेऊ" म्हणणं. नका करू.

राहिलं नोटिशीचं उत्तर. व्हॉट्सअ‍ॅपवर एक ड्राफ्ट फिरतोय, "आम्ही सर्व अटींचे काटेकोर पालन करतो व पर्यावरणाप्रती कटिबद्ध आहोत". एका महाभागाने तोच अपलोड केला, खाली कंपनीचं नावही दुसऱ्याचंच राहिलेलं. नोटिशीत पाच मुद्दे असतील तर पाचांची उत्तरं त्याच क्रमाने द्या, प्रत्येकासोबत फोटो किंवा बिल, जे अजून झालेलं नाही त्याची तारीख, आणि दिलेल्या मुदतीत. कटिबद्ध वगैरे काढून टाका, ऑफिसर ते वाचत नाही.