क्रिब, रॅम, अपिस्टोची पिल्लं जगत नाहीत? या चुका टाळा

क्रिब, रॅम आणि अपिस्टो हे टँकमध्ये पाळायचे सिक्लिड जातीचे छोटे मासे. त्यांनी अंडी दिली म्हणून उड्या मारायच्या आणि आठवड्याने टँकमध्ये एकही पिल्लू नाही, हे माझं सलग तीन वेळा झालंय. तिन्ही वेळा दोष मी माशांना दिला, ही जोडीच खराब, अंडी खाते वगैरे. खरं तर गडबड माझ्याच हातची होती.

जोडीपासूनच सुरू करू. दुकानात दोन मोठे मासे बघून नर-मादी म्हणून उचलून आणायचे आणि त्यांनी संसार थाटावा अशी अपेक्षा ठेवायची, हे बहुतेक वेळा फसतं. रॅममध्ये तर दोन माद्यासुद्धा जोडीसारख्या वागतात, दगड साफ करतात, अंडीही देतात, पण नरच नाही म्हटल्यावर सगळी अंडी पांढरी पडतात आणि आपण पाण्याला शिव्या घालत बसतो. त्यापेक्षा पाच-सहा लहान मासे आणा, मोठे होऊ द्या, ते आपापली जोडी जमवतात.

जोडी पक्की असूनही अंडी पांढरी पडत असतील तर मग पाणी बघा. रॅमला कडक म्हणजे हार्ड पाण्यात अंडी फलित व्हायला आणि फुटायला त्रास होतो, त्याला मऊ, किंचित आम्ल आणि 28 डिग्रीच्या आसपासचं पाणी लागतं. क्रिब त्या मानाने सोशिक, पण पाणी फार आम्ल झालं की पिल्लांत नरच जास्त निघतात. बऱ्याच अपिस्टोंमध्ये हेच तापमानावर ठरतं, 29 ला ठेवलं तर नर जास्त, 23 ला माद्या जास्त. म्हणून अपिस्टोसाठी हीटर उगाच वर चढवू नका, 26 बरं.

आता माझी सगळ्यात मोठी चूक. क्रिबची मादी गुहेत गेली, दोन दिवस बाहेर आलीच नाही, मला राहवेना, मी टॉर्च मारून गुहा उचलून बघितली. आत छताला अंडी चिकटलेली, छान तपकिरी, मी खूश, गुहा परत ठेवली. सकाळी छत कोरं!! मादी घाबरली की अंडी खाऊन टाकते, तिच्या दृष्टीने ती जागा आता सुरक्षित राहिलेली नसते. पहिली एक-दोन वेळची अंडी तर नवी जोडी कोणी न छेडताही खाते, ते शिकतायत, त्यांना शिकू द्या. आणि गुहेचं तोंड मादी जेमतेम आत जाईल एवढंच ठेवा.

टँकमध्ये प्लेको किंवा कोरी (तळाशी फिरणारे कॅटफिश) असतील तर मात्र थोडा संशय त्यांच्यावरही घ्या. दिवसा आईबाप त्यांना हाकलतात पण रात्री अंधारात सिक्लिडला दिसत नाही आणि यांना वासावर सगळं सापडतं. ब्रीडिंगसाठी जोडी एकटीच असलेली बरी, साधारण 60 लिटरचा टँक पुरतो. त्यातही अपिस्टोची मादी पिवळीधमक होऊन नराला कोपऱ्यात दाबत असेल तर नराला बाहेर काढा, नाहीतर छोट्या टँकमध्ये ती त्याला मारूनही टाकते.

बहुतेकांचं गाडं अडतं ते खाण्यावर. अंडी दोन-तीन दिवसांत फुटतात, त्यानंतर पिल्लं चार-पाच दिवस तळाशी नुसती वळवळत असतात, पोटाला पिशवी असते, त्यावरच जगतात. या काळात काहीही टाकू नका, पाणी सडेल बाकी काही होणार नाही. ज्या दिवशी सगळा घोळका आईच्या मागे पोहायला लागतो त्या दिवशी मात्र खाणं तयार पाहिजे, त्या दिवशी आर्टेमिया (मिठाच्या पाण्यात अंड्यांतून काढायचे बारीक जिवंत खाद्यजीव) लावायला घेतला तर उशीर झाला, कारण त्याची अंडी फुटायला 24 ते 36 तास जातात. एक लिटर पाण्याला 25 ग्रॅम मीठ, एअर पंप जोरात, वर दिवा, बस. वापरताना हवा बंद करा, टरफलं वर येतात, आर्टेमियाची पिल्लं खालून सायफनने (नळीने ओढून) काढून घ्या, टरफलं माशांच्या पिल्लांच्या पोटात जाता कामा नयेत. नीट खाल्लं की नाही ते भिंग लावून बघा, पोट केशरी दिसलं पाहिजे. चपटं, पारदर्शक पोट म्हणजे उपाशी. क्रिबची पिल्लं पहिल्या दिवसापासून आर्टेमिया खातात, रॅमची तोंडं फारच बारीक, त्यांना सुरुवातीचे काही दिवस इन्फुसोरिया (पाण्यातले सूक्ष्मजीव) किंवा व्हिनेगर ईल (केसासारखे बारीक जंत) द्या. उकडलेल्या अंड्याचा बलक मी तरी सोडून दिला, एक चिमूट जास्त पडली की रात्रीत पाणी दुधासारखं.

पॉवर फिल्टर चालू ठेवून पिल्लं कुठे गेली विचारणारे पण भेटतात, फिल्टर उघडा, तिथेच सापडतील. स्पंज फिल्टर लावा, तोही आधीपासून दुसऱ्या टँकमध्ये चालवलेला, कोरा स्पंज अमोनिया खात नाही. पाणी रोज 10-15 टक्केच बदला, क्लोरीन काढलेलं आणि त्याच तापमानाचं, हवेच्या बारीक नळीने थेंबथेंब सोडलं तर उत्तमच. आणि रात्री दिवा एकदम बंद करू नका, आईला घोळका गुहेत न्यायला वेळ लागतो, आधी खोलीतला दिवा चालू ठेवून टँकचा घालवा, अर्ध्या तासाने खोलीतला.

महिना-दीड महिन्याने बाप पिल्लांना हाकलायला लागला आणि क्रिबच्या मादीचं पोट परत चेरीसारखं लाल झालं की समजायचं पुढच्या अंड्यांची तयारी चाललीय, त्याच आठवड्यात पिल्लं दुसऱ्या टँकमध्ये हलवा. जाळीने नको, मगाने पाण्यासकट.