ऑरगॅनिकचं जाड पुस्तक आणि एक पेन्सिल

होस्टेलमध्ये माझ्या कॉटच्या वर एक चार्ट चिकटवलेला होता. तीन रंगांच्या स्केचपेनांनी लिहिलेल्या बेचाळीस नेम रिॲक्शन, म्हणजे शास्त्रज्ञांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या रासायनिक क्रिया. पर्किन, कॅनिझारो, राइमर-टीमन, विल्यमसन. डावीकडे सुरुवातीचे पदार्थ, बाणावर रीएजंट, उजवीकडे प्रॉडक्ट. सकाळी दात घासताना पहिल्या दहा, मेसच्या रांगेत पुढच्या दहा, अशा मी त्या पाढ्यांसारख्या म्हणायचे. युनिव्हर्सिटीच्या परीक्षेत या पाढ्यांवर मार्क चांगले पडले, त्यामुळे ऑरगॅनिक, म्हणजे कार्बनी रसायनशास्त्र, आपल्याला येतं असा माझा पक्का समज झाला होता.

टीवायला, म्हणजे बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला असताना आयआयटी जॅमचा, एमएस्सीच्या प्रवेशपरीक्षेचा, सराव पेपर दिला. तीन तास, ६० प्रश्न. त्यातला एक अजून आठवतो. टर्शरी ब्युटाइल ब्रोमाइडवर सोडियम इथॉक्साइडची क्रिया केली तर मुख्य प्रॉडक्ट काय? मला हसूच आलं. अल्काइल हॅलाइड अधिक अल्कॉक्साइड म्हणजे ईथर, विल्यमसन, चार्टवर सतरावी. दहा सेकंदांत उत्तर लिहून पुढे गेले. उत्तर होतं २-मिथाइलप्रोपीन. ईथर जवळजवळ होतच नाही. त्या पेपरात ऑरगॅनिकचे निम्म्याहून जास्त प्रश्न असेच चुकले, आणि सगळे "येत असलेले".

माझं दहावीपर्यंतचं शिक्षण मराठी माध्यमात, सातारा जिल्ह्यातल्या गावात. "कार्बनी संयुगे" हा धडा मला आवडायचा, त्यातले सहसंयुज बंध, क्रियात्मक गट, समजातीय श्रेणी हे शब्द आजही आधी मराठीतच आठवतात. अकरावीत सगळं इंग्रजी झालं आणि समजून घेण्यापेक्षा पाठ करणं सोपं पडू लागलं. चार्टची सवय तिथून लागली. मराठी माध्यमातून आलेल्या बऱ्याच जणांचं असंच होतं, त्यात लाजण्यासारखं काही नाही. पण ती सवय एमएस्सीच्या दारापर्यंतच पुरते.

सराव पेपरानंतरच्या रविवारी पुण्याला गेले आणि अप्पा बळवंत चौकातून क्लेडनची जुनी प्रत घेतली. क्लेडन, ग्रीव्ह्ज आणि वॉरन यांचं हे ऑक्सफर्डचं पुस्तक. पहिली आवृत्ती २००१ ची, दुसरी २०१२ ची, पानं बाराशेच्या वर. उशाला घेतलं तर मान धरेल असं वजन. याहून बरं पुस्तक नाहीच असं मी म्हणणार नाही. पण माझी अडचण नेमकी कुठे आहे ते याच पुस्तकाने दाखवलं, म्हणून त्याच्याबद्दलच सांगते.

पहिला धक्का क्रमाचा. आपल्याकडे अल्केन, अल्कीन, अल्काइन, हॅलाइड, अल्कोहोल अशी वरात निघते. इथे अल्केनचं प्रकरणच नाही. तिसऱ्या प्रकरणात रचना कशी ओळखायची, पाचव्यात बाण कसे काढायचे, सहाव्यात थेट कार्बोनिल, म्हणजे कार्बन आणि ऑक्सिजन दुहेरी बंधाने जोडलेला गट. हॅलाइडवरचं सब्स्टिट्यूशन बरंच पुढे. मला वाटलं, पुस्तक चुकीचं बांधलंय. नंतर कळलं की कार्बोनिलमध्ये कोण इलेक्ट्रॉन देतंय आणि कोण घेतंय हे अगदी उघड दिसतं. ऑक्सिजन इलेक्ट्रॉन स्वतःकडे ओढतो, कार्बन उपाशी राहतो, आणि ज्याच्याकडे जोडी आहे तो त्या कार्बनवर येतो. एवढं डोळ्यात बसलं की पुढची कितीतरी प्रकरणं त्याचीच भावंडं वाटतात.

दुसरी चूक माझी स्वतःची. मी ते पुस्तक कादंबरीसारखं वाचलं. हातात पिवळा हायलायटर, रोज वीस पानं, डोकं हलवत. दोन महिन्यांत दोनशेच्या वर पानं झाली. प्रत्येक पानावर "हो, बरोबर" वाटायचं. मग प्रकरणाच्या शेवटचे प्रश्न उघडले, तर पहिलाच सुटेना. दुसऱ्याला हातच लावता येईना.

शेजारच्या खोलीत एमएस्सीची एक ताई होती. तिला वही दाखवली. तिने पुस्तक घेतलं, एक मेकॅनिझम, म्हणजे क्रिया पायरीपायरीने कशी होते त्याची आकृती, उघडलं आणि त्याच्या उजव्या अर्ध्या भागावर माझी पट्टी ठेवली. म्हणाली, "आता पुढचं तू काढ." मी म्हटलं, "पण हे मी वाचलंय." "वाचलंयस ना, मग काढ की."

काढता आलं नाही.

मग तिने तोच टर्शरी ब्युटाइल ब्रोमाइडचा प्रश्न कागदावर मांडायला सांगितला. मी हायड्रोजनपासून इथॉक्साइडच्या ऑक्सिजनकडे एक बाण काढला, कारण हायड्रोजन तिकडे जातो ना! तिने माझ्या हातातली पेन्सिल घेतली आणि बाण खोडला. "अगं, हायड्रोजनकडे द्यायला आहे काय? बाण अणू कुठे जातो ते सांगत नाही. इलेक्ट्रॉनची जोडी कुठून कुठे जाते ते सांगतो. जोडी कोणाकडे आहे? ऑक्सिजनकडे. मग बाण तिथूनच निघणार."

पुन्हा काढलं. पहिला बाण ऑक्सिजनवरच्या जोडीपासून, ब्रोमीन असलेल्या मधल्या कार्बनच्या शेजारच्या कार्बनवरल्या हायड्रोजनकडे. हायड्रोजनला दोन बंध चालत नाहीत, म्हणून दुसरा बाण कार्बन-हायड्रोजन बंधापासून निघून दोन कार्बनांच्या मध्ये. आता तिथे दुहेरी बंध आला आणि मधल्या कार्बनचे पाच हात झाले, म्हणून तिसरा बाण कार्बन-ब्रोमीन बंधापासून ब्रोमीनवर. तीन बाण, आणि २-मिथाइलप्रोपीन आपोआप कागदावर उभं राहिलं. ईथर का नाही? ईथर व्हायला इथॉक्साइडने मधल्या कार्बनवर ब्रोमीनच्या बरोबर पाठीमागून यायला हवं, आणि तिथे तीन मिथाइल दाटीवाटीने उभे आहेत. आत वाट नाही. बाहेरचा हायड्रोजन मात्र हाताला लागतो. तेच ईथर हवं असेल तर उलटं करायचं: टर्शरी ब्युटॉक्साइड घ्यायचं आणि ते इथाइल ब्रोमाइडवर सोडायचं. माझ्या चार्टवर यातलं काहीच नव्हतं. चार्टवर बाण होता तो फक्त "पासून होतं" असं सांगणारा, सरळ.

हे वाकडे बाण, म्हणजे कर्ली ॲरो, १९२२ मध्ये कर्मॅक आणि रॉबिन्सन यांनी पहिल्यांदा वापरले. शंभर वर्षं झाली, तरी आपल्याकडे कित्येक गाइडांमध्ये ते अजून हायड्रोजनपासून निघतात. दुकानात पुस्तक पारखायचं असेल तर हीच माझी खूण: कुठलंही मेकॅनिझम उघडा आणि बाणाचं शेपूट बघा. ते एखाद्या बंधावर किंवा इलेक्ट्रॉनच्या जोडीवर टेकलेलं नसेल, तर पुस्तक परत ठेवा. दुसरी खूण, दुसरं प्रॉडक्ट का होत नाही हे पुस्तक सांगतं का. जे होतं ते सगळेच सांगतात.

त्यानंतरची माझी पद्धत सांगते. पान उघडायचं, प्रश्नाची बाजू ठेवून बाकीचं झाकायचं, प्रॉडक्टचा अंदाज करायचा, बाण काढायचे, मगच कागद सरकवायचा. चुकलं तर खोडायचं नाही, शेजारी बरोबर काढायचं. या रीतीने दिवसाला वीस पानं होत नाहीत, चार होतात. घाबरू नका. मी बाराशे पानांतली पाचशेही जॅमच्या आधी केली नव्हती. हेटरोसायकल, ऑरगॅनोमेटॅलिक, शेवटची जैविक प्रकरणं एमएस्सीला. एनएमआरचं, म्हणजे रचना ओळखायच्या एका तंत्राचं, प्रकरण पहिल्या वाचनात डोक्यावरून गेलं, तर जाऊ द्या. स्पेक्ट्रा हातात आल्याशिवाय ते फारसं चिकटत नाही.

पाठ काहीच करायचं नाही असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. पीकेएचे, म्हणजे आम्ल प्रोटॉन किती सहज सोडतं ते सांगणारे, दहा-बारा आकडे पाठच हवेत. ॲसेटिक ॲसिड ४.७६, फिनॉल १०, पाणी १५.७, इथेनॉल १६, ॲसिटोन २० च्या आसपास, टोकाचं अल्काइन २५. आकडा जितका लहान, तितकं आम्ल तगडं, आणि एकाचा फरक म्हणजे दहा पट. फिनॉल आणि इथेनॉल यांत सहाचा फरक, म्हणजे दहा लाख पट! बीएस्सीच्या प्रॅक्टिकलला मिश्रण वेगळं करताना आपण सोडियम बायकार्बोनेट घालतो, आम्ल फसफसतं आणि फिनॉल गप्प बसतं, ते का? बायकार्बोनेटने प्रोटॉन घेतला की कार्बोनिक ॲसिड होतं, त्याचा पीकेए ६.४ च्या आसपास. बेंझॉइक ॲसिड ४.२, ते त्याला हरवतं. फिनॉल १०, ते हरवू शकत नाही. तीन वर्षं मी जर्नलमध्ये "एफर्व्हसेन्स ऑब्झर्व्हड" लिहीत होते, त्यामागे हे आकडे होते.

पीकेएचं प्रकरण मला खरं समजलं ते धुण्याच्या दगडावर. पांढऱ्या ओढणीवर वरणाचा डाग पडला होता. साबण लावला तर पिवळ्याचा लालसर तपकिरी झाला. हे लहानपणापासून शंभरदा पाहिलेलं. हळदीत चुना कालवला की कुंकवाचा रंग येतो हेही आजीकडून माहीत. त्या दिवशी पहिल्यांदा मनात आलं, की साबण अल्कधर्मी, कुरकुमिनमध्ये फिनॉलचे गट, म्हणजे प्रोटॉन निघाला आणि ऋणभार त्या लांबलचक दुहेरी बंधांच्या साखळीवर पसरला, म्हणून रंग बदलला. ओढणी तशीच टाकून खोलीत गेले आणि रचना कागदावर काढली. (डाग शेवटी उन्हात वाळवल्यावरच फिका पडला. उन्हात कुरकुमिन मोडतं.)

इंग्रजीची अडचण येणारच. मी वहीच्या मागच्या पानांवर मराठी शब्द लिहिले आणि त्यांनी उलट मदत केली. न्यूक्लिओफाइल म्हणजे केंद्रकस्नेही, इलेक्ट्रोफाइल म्हणजे इलेक्ट्रॉनस्नेही. कोणाचा जीव कशावर हे शब्दातच आहे. सुरुवातीला एक परिच्छेद तीनदा वाचावा लागतो, चौथ्या-पाचव्या प्रकरणानंतर तेच तेच शब्द येतात आणि वेग धरतो.

आता मी एका औषध कंपनीच्या आर अँड डीत आहे. पुस्तकात रिॲक्शन होते. इथे ती रात्री आठला टीएलसीवर, म्हणजे क्रिया कुठवर आली ते दाखवणाऱ्या चाचणीत, अजून अर्धी शिल्लक दिसते, आणि प्रॉडक्ट शुद्ध करायच्या कॉलमवर चिकटून बसतं. यील्डचं, म्हणजे शेवटी हाती किती येतं त्याचं, तर विचारूच नका. तरी वर्कअपला, म्हणजे क्रियेनंतर प्रॉडक्ट वेगळं करताना, बायकार्बोनेट घालायचं की सोडियम हायड्रॉक्साइड, हे ठरवताना आकडे तेच लागतात. नव्या मुलांना मी मुलाखतीत नेम रिॲक्शन विचारत नाही, एक कागद देते आणि बाण काढायला सांगते.

एक राहिलं, स्टिरिओकेमिस्ट्री, म्हणजे रेणूतले अणू जागेत कसे मांडलेले असतात ते. ती कागदावर कळत नाही, हातात धरावी लागते. मॉडेल किट महाग वाटत असेल तर भिजवलेला हरभरा मध्ये ठेवा, खराट्याच्या हिराचे चार तुकडे खोचा आणि टोकांना वाटाणा, राजमा, चवळी, शेंगदाणा लावा. शेजारी आरशातल्यासारखं दुसरं करा आणि एकावर एक बसवून बघा, बसत नाही. पुदिन्याच्या आणि बाळंतशेपेच्या वासातला फरक बराचसा एवढाच आहे: दोन्हींत कार्व्होन, एकाचं रूप दुसऱ्याची आरशातली प्रतिमा, आणि नाकाला ते लगेच कळतं. हरभरे रात्रभरच भिजवा, फार फुगले की हीर खोचताच दुभंगतात. उरलेल्यांची उसळ करा.