स्प्रिंकलरचा नकाशा सिलिंगनंतर काढू नका: अंतिम तपासणीत अडकवणाऱ्या चुका

नागपूरच्या वर्धा मार्गावरील एका व्यापारी इमारतीच्या अंतिम तपासणीला मी फायर कन्सल्टंट म्हणून हजर होतो. अग्निशमन अधिकाऱ्यांनी तिसऱ्या मजल्यावर शिडी मागवली, फॉल्स सिलिंगची एक टाइल उचलली आणि आत बॅटरी मारली. वरच्या स्लॅबपर्यंत जवळजवळ एक मीटरची पोकळी होती, तीत केबल ट्रे आणि एसीचे डक्ट दाटीने बसवलेले होते आणि आग लागल्यावर आपोआप पाणी फवारणारे स्प्रिंकलर मात्र फक्त सिलिंगच्या खाली होते. अशी पोकळी ८०० मिलिमीटरपेक्षा खोल असेल तर तिच्या आतही स्प्रिंकलर लागतात. माझ्या नकाशात ती ६०० मिलिमीटर होती; पुढे डक्टसाठी आर्किटेक्टनी सिलिंग खाली घेतले, तो सुधारित नकाशा माझ्याकडे आला नाही आणि मीही तो मागितला नाही. पूर्ण झालेले सिलिंग उतरवून आत वेगळी लाइन टाकावी लागली आणि तेवढे दिवस भोगवटा प्रमाणपत्र अडून राहिले.

त्यानंतर मी प्रत्येक कामात एक आग्रह धरतो. दिवे, एसीच्या जाळ्या, धूरशोधक आणि स्प्रिंकलर हे सर्व एकाच सिलिंग नकाशावर असावेत, त्यावर सुधारणा क्रमांक व तारीख असावी आणि आर्किटेक्ट, एसीचे ठेकेदार व फायर कन्सल्टंट या तिघांनी तो एकत्र बसून तपासल्याशिवाय साइटवर जाऊ नये. ही बैठक स्लॅब भरण्यापूर्वी झाली तर बीममधील स्लीव्हची (पाइप जाण्यासाठी आधीच ठेवलेल्या छिद्राची) जागा आरसीसी कन्सल्टंटला वेळेत सांगता येते. नंतर कोअर कटिंग, म्हणजे तयार काँक्रीटला छिद्र पाडण्याचे काम, करताना सळई तुटण्याची भीती असते आणि ती जबाबदारी कुणीच घेत नाही. शाफ्टचे, म्हणजे उभे पाइप नेण्याच्या पोकळीचे, मापही त्याच वेळी ठरवावे. राइझरचा (मजल्यांवर पाणी नेणारा उभा) पाइप मावतो एवढेच पाहून भागत नाही, कारण प्रत्येक मजल्यावर व्हॉल्व्ह, फ्लो स्विच (पाणी वाहू लागल्याची सूचना देणारा) आणि ड्रेन बसवायचे असतात आणि पाना धरलेला हात तिथे फिरला पाहिजे.

ना हरकतीच्या पत्रातील अटी न वाचणे

नागपुरात भूखंड महानगरपालिकेच्या हद्दीत आहे, नागपूर सुधार प्रन्यासच्या (नासुप्र), महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाच्या की एमआयडीसीच्या, हे आधी नक्की करावे, कारण कागद कोणत्या कार्यालयात द्यायचा आणि तपासणीला कोण येणार हे त्यावर ठरते. अग्निशमन विभागाचे तात्पुरते ना हरकत प्रमाणपत्र मिळाले की ते फाइलमध्ये लावून विसरण्याची सवय आपल्याकडे फार आहे. त्या पत्रात पाण्याच्या टाक्यांची क्षमता आणि पंपांचा प्रवाह स्पष्ट लिहिलेला असतो. पुढे पार्किंगचा रॅम्प बसत नाही म्हणून भूमिगत टाकीची एक बाजू आत घेतली जाते आणि टाकी किती लिटरची उरली हे थेट तपासणीच्या दिवशी कळते. प्रत्येक अट आर्किटेक्टसोबत वाचून तिच्यासमोर नकाशाचा क्रमांक लिहावा आणि टाकी, जिना किंवा वापर यांत बदल होणार असेल तर काम थांबवून आधी अधिकाऱ्यांना भेटावे. माझा अनुभव असा आहे की वेळेवर नकाशा घेऊन गेलेल्या माणसाला अधिकारी मार्ग सांगतात. तयार बांधकामापुढे मात्र त्यांच्याजवळही फारसा पर्याय राहत नाही.

वापरातील बदल सर्वांत महाग पडतो. कार्यालय म्हणून काढलेला मजला उद्या कापडाचे गोदाम झाला, तर सौम्य धोक्याच्या वर्गात स्प्रिंकलरच्या एका हेडला (पाणी फवारणाऱ्या तोंडाला) २१ चौरस मीटरपर्यंत क्षेत्र चालते ते १२ किंवा त्याहूनही कमी होते आणि हेडची संख्या, पाइपचा व्यास, पंप असे सगळेच पुन्हा मोजावे लागते. मालकाला हे आर्किटेक्टनी पहिल्याच भेटीत विचारले पाहिजे. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ नुसार आगीपासूनच्या व्यवस्थेची जबाबदारी मालकाची किंवा भोगवटादाराची असते, हेही तेव्हाच सांगावे.

नागपूरचा उन्हाळा विसरणे

ही चूक मी आपल्या भागात पुन्हा पुन्हा पाहतो. हेडमधला काचेचा छोटा बल्ब उष्णतेने फुटला की पाणी सुटते. लाल बल्बचे हेड ६८ अंश सेल्सिअसला फुटते आणि दुकानात तेच सहज मिळते, म्हणून ते सगळीकडे लावले जाते. नियम असा आहे की हेडचे तापमान त्या जागेच्या अपेक्षित कमाल तापमानापेक्षा किमान ३० अंशांनी जास्त असावे. म्हणजे ६८ अंशांचे हेड ३८ अंशांपर्यंतच्या जागेसाठी ठीक आहे. मे महिन्यात आपल्याकडे सावलीतच पारा ४५ च्या वर जातो, तर गच्चीवरच्या टिनाच्या शेडखाली काय होत असेल याची कल्पना तिथे दुपारी पाच मिनिटे उभे राहिल्यावर येते. पिवळे ७९ अंशांचे हेड ४९ पर्यंत पुरते; टिनाखाली मी हिरवे, ९३ अंशांचे सुचवतो. उलट वातानुकूलित कार्यालयात विनाकारण जास्त अंशांचे हेड लावू नये, कारण आग लागल्यावर ते उशिरा फुटते. छताला उष्णतारोधक थर आहे का, काचेचे छत आहे का, स्वयंपाकघर कुठे आहे, ही माहिती आर्किटेक्टच्या नकाशातूनच मिळते, म्हणून ती मागून घ्यावी.

साइटवरील बाकीच्या चुका नेहमीच्या आहेत. डिफ्लेक्टर (हेडवरची पाणी पसरवणारी चकती) छतापासून साधारण ७५ ते १५० मिलिमीटर खाली हवा, रुंद डक्टखाली स्वतंत्र हेड हवे आणि हेडखाली अर्धा मीटर जागा मोकळी हवी. गोदामात रॅक छताला भिडवले की ही जागा नाहीशी होते. रंगाऱ्याने हेडवर रंग किंवा पुट्टी उडवली असेल तर ते खरवडून साफ करू नये, बदलावे.

सिलिंग बंद करण्यापूर्वी पाइपची दाबचाचणी चालू दाबाच्या दीडपट दाबावर दोन तास घ्यावी, आर्किटेक्टना तिथे बोलवावे आणि दाबमापकाचे सुरुवातीचे व शेवटचे फोटो तारखेसह ठेवावेत. यंत्रणा नियमाप्रमाणे बसवल्याचे परवानाधारक एजन्सीचे नमुना ‘अ’ प्रमाणपत्र आणि प्रत्यक्ष कामाप्रमाणे दुरुस्त केलेला नकाशा यांची एक प्रत पंप हाऊसमध्ये लावावी. पुढे एखादा भाडेकरू नवे पार्टिशन टाकून एक हेड भिंतीआड घालतो, तेव्हा जानेवारी आणि जुलैच्या नमुना ‘ब’च्या (यंत्रणा चालू स्थितीत असल्याच्या प्रमाणपत्राच्या) तपासणीत तो बदल याच प्रतीवरून पकडता येतो.