राज्याचा अर्थसंकल्प घरखर्चाशी कसा ताडून पाहावा

महाराष्ट्राचा अर्थसंकल्प साधारणतः मार्चमध्ये मांडला जातो आणि दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात ‘काय स्वस्त, काय महाग’ अशी चौकट छापून येते. त्या चौकटीवर फार विसंबू नये, कारण जुलै २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर (जीएसटी) लागू झाल्यापासून बहुतेक वस्तूंवरील कराचे दर जीएसटी परिषदेच्या शिफारशीने ठरतात आणि राज्याच्या हाती इंधन व मद्यावरील कर, मुद्रांक शुल्क, वाहन कर, वीज शुल्क, व्यवसाय कर असे मोजकेच कर उरले आहेत.

यांपैकी आपल्या घराला कोणते कर लागू होतात, ते प्रथम वहीत उतरवावे. २०२३ मध्ये महिलांसाठी व्यवसाय करातून सूट मिळण्याची मर्यादा मासिक १०,००० रुपयांवरून २५,००० रुपये झाली, तेव्हा वीस हजार पगार असलेल्या स्त्रीचे वर्षाला २,५०० रुपये वाचले. याउलट जून २०२४ च्या अर्थसंकल्पात डिझेलवरील कर २४ वरून २१ टक्के झाला तो मुंबई, ठाणे व नवी मुंबईपुरता. साताऱ्याच्या किंवा अकोल्याच्या वाचकाने ती बचत धरण्याचे कारण नव्हते.

कमी उत्पन्नाच्या घरांना करांपेक्षा खर्चाची बाजू अधिक भिडते. मार्च २०२३ पासून महिलांना एसटीच्या भाड्यात मिळणारी ५० टक्के सवलत रोज तालुक्याच्या गावी कामाला जाणाऱ्या बाईसाठी कोणत्याही करकपातीहून मोठी आहे. मात्र योजनेचे नाव ऐकून थांबू नये, तिच्यापुढची तरतूद पाहावी. ‘लाडकी बहीण’ योजना जाहीर होताना वर्षाला ४६,००० कोटी रुपयांची तरतूद सांगितली गेली होती. २०२५-२६ साठी ती ३६,००० कोटी झाली. अर्थसंकल्पाच्या पुस्तिकांत मागील वर्षांचा प्रत्यक्ष खर्च, चालू वर्षाचा मूळ व सुधारित अंदाज आणि पुढील वर्षाचा अंदाज शेजारी शेजारी असतात, आणि सुधारित आकडा मूळ अंदाजापेक्षा बराच खाली आला असेल तर निधी पूर्ण वापरला जाण्याची अपेक्षा नाही असे समजावे; नेमका खर्च प्रत्यक्ष आकड्यांतूनच कळतो. भाषणात हे सहसा येत नाही.

त्यानंतर शासन निर्णयाची वाट पाहावी, कारण पात्रतेच्या अटी तिथेच उलगडतात. मुलींच्या व्यावसायिक शिक्षणाच्या शुल्कमाफीचा निर्णय जुलै २०२४ मध्ये निघाला. कुटुंबाचे उत्पन्न ८ लाखांपर्यंत असावे ही अट बहुतेकांच्या लक्षात राहिली, परंतु प्रवेश केंद्रीभूत प्रक्रियेतून झालेला असावा ही अट ज्यांनी वाचली नाही त्यांचे गणित चुकले. मध्यमवर्गीय घरे अशा अटींच्या काठावरच असतात, म्हणून उत्पन्नाचा दाखला वेळेत काढून ठेवावा.

पावसाळी व हिवाळी अधिवेशनांत पुरवणी मागण्या, म्हणजे अर्थसंकल्पाबाहेरच्या वाढीव खर्चाच्या मागण्या, मांडल्या जातात, तेव्हा आपल्या वहीतील योजनांची नावे त्यांतही शोधावीत. घरपट्टी व पाणीपट्टी मात्र या वहीत धरू नये; ती आकारणी महापालिका, नगरपालिका किंवा ग्रामपंचायत करते.